कोंबाची जागा

मला बघायला आलेल्या पहिल्या मुलाच्या वडिलांनी आमच्या अण्णांना विचारलं, "मुलगी शाळेत चित्रकला शिकवते का?" अण्णा खरं बोलणारे. ते म्हणाले, "नाही, कॉलेजात वाळलेल्या झाडांची चित्रं काढते." पाहुण्यांनी पोहे संपवले आणि पत्रिका जुळत नाही असं आठ दिवसांनी कळवलं. पत्रिका त्यांनी मागितलीच नव्हती.

साताऱ्यातल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र विभागाला लागून एक अंधारी खोली होती. तिथे मी नोकरी केली. नेमणुकीच्या कागदावर लिहिलं होतं, 'वनस्पती-चित्रकार, हंगामी'. माझा हंगाम अकरा वर्षं चालला. जिल्ह्यातल्या कुठल्याही पिकाचा एवढा लांब हंगाम नसेल.

काम काय, ते आधी सांगते, कारण माझ्या सख्ख्या बहिणीलाही ते अजून नीट कळलेलं नाही. मुलं रानातून झाड उपटून आणायची, रद्दीत दाबून वाळवायची आणि जाड कागदावर चिकटवायची. त्या तपकिरी पाचोळ्यावरून जिवंत झाड उभं करायचं, हे माझं काम. वाळलेलं फूल गरम पाण्यात टाकलं की हळूहळू उमलतं. मग भिंगाखाली सुईने पाकळ्या बाजूला करायच्या, पुंकेसर मोजायचे, पेन्सिलीने मापात काढायचं आणि त्यावर काळ्या शाईने बारीक टाक फिरवायचा. सावली घासून द्यायची नाही, ठिपक्यांनी द्यायची. ठिपके मोजायचे नाहीत, मोजले की वेड लागतं. फूल भिजवायला आणि चहा करायला प्रयोगशाळेत पातेलं एकच होतं. तेवढं सोडलं तर सगळं शास्त्रशुद्ध होतं. धोतऱ्याच्या दिवशी मी चहा घेत नसे.

लोक विचारतात, कॅमेरा असताना हे उद्योग कशाला? कॅमेरा समोरचं एक झाड दाखवतो, त्याच्यावरच्या चिखलासकट आणि किडीसकट. आम्ही त्या जातीचं झाड दाखवतो. मूळ, पान, कळी, फूल, फळ, सगळं एका कागदावर. असं झाड जगात कुठेही सापडत नाही, आणि तरी त्याच चित्रावरून जगातलं ते प्रत्येक झाड ओळखता येतं. हे मी अभिमानाने सांगायची. हा अभिमान पुढे कुठे जाऊन आपटला, त्याचीच ही हकिकत आहे.

आमचे विभागप्रमुख निमकर सर. माणूस विद्वान, स्वभावाने भिडस्त, आणि शिपायालाही घाबरणारा. पण एका बाबतीत ते वाघ होते. "फुलाशिवाय ओळख नाही," असं ते दर आठवड्याला बजावायचे. "चित्रात फूल हवंच. फूल नसलेलं चित्र म्हणजे चेहरा नसलेला फोटो." मी हे वाक्य देवाच्या आरतीसारखं पाठ केलं होतं.

विभागाला पैसे कमी पडायचे, म्हणून सर बाहेरची कामं घ्यायचे. त्यामुळे गिऱ्हाइकं एकेक नामी यायची. वाईचे एक वैद्य पुडीत चूर्ण घेऊन आले आणि म्हणाले, "या झाडाचं चित्र हवं." मी म्हटलं, "वैद्यबुवा, हे तर पीठ आहे. झाड कुठंय?" ते म्हणाले, "झाड दाखवलं तर गुपित फुटेल. तुम्ही कलाकार आहात, अंदाजाने काढा." मी एक खल आणि बत्ता काढून दिला, मापात, ठिपक्यांच्या सावलीसकट. ते खूष होऊन गेले. अजून त्यांच्या पुड्यांवर तोच खलबत्ता छापला जात असेल.

दुसरं गिऱ्हाईक इस्लामपूरकडच्या एका साखर कारखान्याचं. त्यांना कॅलेंडरसाठी ऊस हवा होता. मी महिनाभर खपले. पेरं, डोळे, पानाचं आवरण, मुळं, आणि सरांच्या नियमाप्रमाणे वर डौलदार तुरा, म्हणजे उसाचं फूल. त्या तुऱ्यातला केस न् केस मी वेगळा काढला होता. चित्र बघायला दोन संचालक आले. एक जण तुऱ्यावर बोट ठेवून सोबतच्याला म्हणाले, "बापू, ह्ये बग रं. ऊस गेलाय की ह्यो."

"गेलाय म्हणजे?" मी विचारलं.

"आवं बाई, तुरा आला म्हंजी उसातली साखर उतरली. वजन घटलं. असला ऊस ज्येच्या रानात दिसतो, त्येला गावात त्वांड दावाय जागा ऱ्हात न्हाई. आन तुमी त्यो आमच्या कारखान्याच्या कॅलेंडरावर वर्षभर टांगाय निगाला?"

निमकर सरांनी त्यांना फुलाचं शास्त्रीय महत्त्व समजावून सांगितलं. संचालकांनी ते शांतपणे ऐकलं, चहा घेतला आणि कॅलेंडरावर लक्ष्मी छापली. आम्ही विभागात त्यांच्या अडाणीपणावर मनमुराद हसलो. मी सगळ्यांत जास्त हसले. त्या हसण्याची आठवण मला पुढे चांगलीच जाळणार होती.

बहात्तरच्या दुष्काळानंतरची गोष्ट. आटपाडीकडच्या कोरड्या मुलखात लोकांची जनावरं गेली होती. तिथल्या गरीब कुटुंबांना दहा-दहा मेंढरं फुकट द्यायची एक योजना निघाली. तिचं नाव सांगत नाही, कारण अशा योजनांची नावं बदलतात, माणसं तीच असतात. यात मेख अशी होती की ज्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या मेंढरं होती, त्या धनगरांना विचारायला कोणाला सुचलं नाही. मेंढरं गेली ती खडी फोडणाऱ्यांकडे आणि बैल मेलेल्या शेतकऱ्यांकडे. कुठला पाला मेंढराला चालतो आणि कुठला नाही, हे त्यांना ठाऊक नव्हतं. म्हणून योजनेच्या समितीने ठरवलं की बारा विषारी झाडांचा रंगीत तक्ता छापून गावोगावच्या चावडीत लावायचा. चित्रं माझ्याकडे आली.

समितीची पहिली बैठक तक्त्याच्या नावावरच संपली. 'विषारी वनस्पती' असं वर मोठ्या अक्षरांत लिहून खाली लगेच अध्यक्षसाहेबांचं नाव आलं तर ते बरं दिसणार नाही, असा मुद्दा एका सभासदाने काढला. मुद्दा सगळ्यांना पटला. तक्त्याचं नाव झालं 'आपले पशुधन, आपली समृद्धी'. विष हा शब्द अगदी खाली बारीक टायपात उरला, तोही मी भांडले म्हणून.

अकरा झाडं मला साताऱ्याच्या आसपास मिळाली. बारावी कळलावी. तीही मिळाली असती, पण सर म्हणाले, ज्या मुलखासाठी तक्ता, तिथलं झाड बघून काढ. म्हणून मी एस.टी.ने आटपाडीकडे गेले. एका निवडुंगाच्या कुंपणात कळलावी चढलेली होती. कळलावीचं फूल ज्याने पाहिलंय त्याला सांगायला नको, पाकळ्या उलट्या वर वळलेल्या, खाली पिवळ्या आणि वर लालभडक, चुलीतल्या जाळासारख्या. पानाच्या टोकाला बारीक वेटोळं असतं, त्यानेच वेल आधार धरून चढते. मी बांधावर पाट टाकून चित्र काढत बसले. दुपारी मेंढरांचा कळप आला आणि मागून काठी टेकत एक म्हातारी धनगरीण. नाव हौसाबाई. ती माझ्या खांद्यावरून बघत उभी राहिली.

"फूल झ्याक काढलंय," ती म्हणाली. "कशाला काढताय?"

मी तक्त्याचं सांगितलं. हे झाड मेंढरांना मारतं, लोकांनी ओळखावं म्हणून.

"आवं बाई, पर ह्येच्यानं मेंढरू मरत न्हाई."

"विषारी आहे हे झाड," मी जरा चढ्या आवाजात म्हटलं. माझं शास्त्र होतं ना.

"हाय की. लय वंगाळ हाय. पर फुलावर आल्यावर मेंढरू त्येला हुंगत बी न्हाई. तवा रानात गवात असतंय. मेंढरू मरतंय कोंबानं. पाऊस झाला की गवताच्या आदी ह्यो वर येतो. कवळा, आल्याच्या कोंबावानी. उपाशी मेंढरू त्येच्यावर तुटून पडतंय." तिने काठीने कुंपणाखालचा पाला बाजूला केला. सावलीत एक उशिरा उगवलेला कोंब होता. चार-पाच साधी, लांबट, चकचकीत पानं. "ह्ये काढा. फूल कशाला? फूल काय आंदळ्याला बी दिसतंय."

मी कोंब हातात घेतला. तक्त्यावर ओळखीची खूण म्हणून मी लिहून ठेवलं होतं, 'पानाच्या टोकाला वेटोळे'. कोंबाच्या पानांना वेटोळं नव्हतंच. ते वरच्या पानांना येतं, वेल चढायला लागल्यावर. उसाचे ते संचालक मला आठवले. जे त्यांनी सांगितलं तेच ही सांगत होती, आणि दोघांनाही शाळेची पायरी कोणी फारशी चढू दिली नव्हती.  मी तिथेच बसून कोंब काढला, मातीतल्या कंदासकट. हौसाबाई मेंढरं सोडून शेजारी बसून राहिली आणि पानाचा कोन चुकला तेव्हा, "आनि जरा निजलेलं हाय त्ये," असं म्हणाली. इतकी नजर आमच्या विभागात कोणाला नव्हती.

निमकर सर कोंबाचं चित्र बघून म्हणाले, "उत्तम. पण फूल कुठंय?" मी सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला, बराच वेळ पुसला, आणि तक्त्याच्या उजव्या कोपऱ्यात पोस्टकार्डाएवढी चौकट कोंबाला दिली. वर मी लिहिलं, 'असा असताना मारतो'. माझ्या नोकरीत मी लिहिलेलं हे सर्वांत चांगलं वाक्य.

छपाई सांगलीला होती. तिथले मोमीनचाचा लग्नपत्रिका, जत्रेतल्या कुस्त्यांची पत्रकं आणि हळदीच्या पोत्यांची लेबलं छापायचे. रंग जुळवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. पत्रिकांची लाल शाई त्यांनी कळलावीला अशी काही दिली की फूल कागदातून बाहेर आलं. मी शेवटची तपासणी करायला गेले. त्यांनी छापाचा कागद माझ्यापुढे ठेवला. उजव्या कोपऱ्यात कोंब नव्हता. तिथे अध्यक्षसाहेब होते, फेटा बांधलेले, हसतमुख. खाली लिहिलं होतं, 'पशुधनाचे कैवारी'.

"काल हापिसातनं मानूस आला," मोमीनचाचा म्हणाले. "म्हनला, झाडं बारा ठरली हुती, ह्यो तेरावा कुटनं आला? जागा साहेबास्नी द्या." मग आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, तुमी म्हनत असाल तर मशीन थांबवतो. फोटूचा ठसा फुटला म्हनून सांगतो. माजं काय जातंय?"

योजनेचे अध्यक्षसाहेबच आमच्या कॉलेजच्या संस्थेचेही अध्यक्ष होते, आणि त्या वेळी मला नोकरीत कायम करण्याचा कागद त्यांच्याच टेबलावर होता. अण्णा आजारी होते आणि घरात मिळवणारी मी एकटी. ही कारणं खरी आहेत आणि मी ती वर्षानुवर्षं स्वतःला सांगितली. पण खरी गोष्ट एवढीच की मी भ्याले. "चालू द्या," मी म्हटलं. मोमीनचाचांनी माझ्याकडे बघितलं नाही. मशीन सुरू झालं.

प्रकाशन समारंभ थाटात झाला. लाभार्थी मेंढरांच्या गळ्यात झेंडूचे हार घातले होते. साहेबांचं भाषण लांबलं तसे मेंढरांनी एकमेकींचे हार खाऊन टाकले. झेंडू विषारी नाही, एवढी खबरदारी योजनेने घेतली होती. मला तेव्हा हसू आलं होतं.

पुढच्या पावसाळ्यात एक दिवस माझ्या खोलीच्या दारात एक माणूस उभा राहिला. पायात चप्पल नव्हती, काखेत गुंडाळलेला तक्ता, हातात फडक्याची पुरचुंडी. नाव भिवा. दुष्काळात त्याचे बैल गेले, मग त्याने खडी फोडली, आणि मग योजनेतून त्याला दहा मेंढरं मिळाली. आटपाडीकडून एस.टी. बदलत तो साताऱ्याला आला होता आणि कॉलेजात विचारत विचारत माझ्यापर्यंत पोचला होता. तक्त्याच्या खालच्या कोपऱ्यात चित्रकार म्हणून माझं नाव बारीक छापलेलं होतं.

त्याने तक्ता टेबलावर पसरला आणि पुरचुंडी सोडली. आत सुकत आलेला कोंब होता. "बाई," तो म्हणाला, "ह्यात ह्यो कुटं हाय त्येवडं दावा."

मी कळलावीच्या फुलावर बोट ठेवलं. 

"ह्ये तर मला पाट हाय. रोज चावडीत जाऊन बघत हुतो. बायकोला बी न्हेऊन दावलं, असलं लाल फूल दिसलं की मेंढरं वळवायची. आमी लाल फूल हुडकत ऱ्हायलो बाई. कुटंच नव्हतं. आन मेंढरं ह्ये खाऊन मेली. सात गेली. तोंडाला फेस आला, पाय घासले, आन गेली." त्याचा आवाज चढला नाही. तो भांडायला आला नव्हता, चुकलं कुठे हे विचारायला आला होता. त्याला वाटत होतं की त्याचंच बघण्यात काही चुकलं.

मी खण उघडला आणि कोंबाचं मूळ चित्र त्याच्यापुढे ठेवलं. त्याने आपला कोंब चित्राशेजारी ठेवला, एकदा इकडे, एकदा तिकडे बघितलं.

"ह्योच. मग ह्ये हितं का न्हाई?"

मी तक्त्याच्या उजव्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. "इथे होतं. तिथे नंतर साहेबांचा फोटो घातला."

भिवाने खाली वाकून फोटो बघितला. मग म्हणाला, "मेंढराला फोटू कशाला पायजे हुता?"

 फोटो घातला हे मला माहीत होतं, मशीन थांबवता येत होतं आणि मी थांबवलं नाही, हे मी त्याला सांगितलं.  मी पाणी दिलं ते तो प्यायला आणि तक्ता गुंडाळायला लागला. तक्ता चावडीचा होता, परत लावायला हवा होता.

मी त्याच आठवड्यात सांगलीला गेले.  लग्नपत्रिकांच्या उरलेल्या कागदावर मोमीनचाचांनी कोंबाचं चित्र काळ्या शाईत छापून दिलं, पोस्टकार्डाएवढं, फोटोच्या चौकटीत तंतोतंत बसेल असं. मी रजा टाकली, डबाभर खळ शिजवली, तिच्यात मोरचूद घातला, म्हणजे कसर लागत नाही. वाळलेली झाडं आम्ही याच खळीने चिकटवायचो, ती आमच्या हयातीत सुटत नाहीत. मग गावोगावच्या चावड्यांत जाऊन मी साहेबांच्या चेहऱ्यावर कोंब चिकटवत सुटले. आटपाडीच्या बाजूला हौसाबाई भेटली आणि पुढची चार गावं माझ्याबरोबर चालली. ती तक्त्यापुढे उभी राहून बायकांना काठीने कोंब दाखवायची आणि म्हणायची, "फूल बघू नगासा. ह्यो बगा. ह्यो मारतो." चिकटवलेल्या कागदाखालून कुठे कुठे फेट्याचा तुरा डोकावायचा. तो मी तसाच ठेवला. तुऱ्याशी माझं जुनं वैर होतं.

पंधरा दिवसांत खुलासा मागणारा कागद आला. 'कार्यालयीन तक्त्यावरील मान्यवरांच्या छायाचित्रावर अनधिकृतपणे वनस्पती चिकटवल्याबाबत.' सर म्हणाले, "मी तुझ्या पाठीशी आहे." ते इतके पाठीशी उभे राहिले की पुढून कोणाला दिसलेच नाहीत. मी खुलासा दोन ओळींत दिला. 'छायाचित्राचा आणि कोंबाचा आकार एकच असल्याने अन्यत्र बसत नव्हता. जागा मुळात कोंबाची होती.' मला कायम करण्याचा कागद त्यानंतर टेबलावरून कुठे गेला ते कळलं नाही. माझा हंगाम अकरा वर्षं का चालला, ते आता वाचकांना कळलं असेल. त्याचं मला दुःख नाही. शिक्षा योग्यच होती, फक्त ती चुकीच्या गुन्ह्यासाठी झाली.

काही वर्षांनी झाडं बघायला पुन्हा त्या बाजूला गेले तेव्हा भिवाच्या गावात उतरले. चावडीतला तक्ता उन्हाने उडाला होता. लाल शाई सगळ्यांत आधी जाते. माझी कळलावी पांढरीफटक पडली होती, बाकीची फुलंही गेली होती. काळ्या शाईतला कोंब तेवढा जिथल्या तिथे होता. भिवा चावडीच्या कट्ट्यावर बसला होता. तीन मेंढरांची पुढे किती झाली, असं मी विचारलं. ती तीनही विकली, तो म्हणाला, आता दुसऱ्याची राखतो. मी तक्त्याकडे बघतेय हे त्याने पाहिलं.

"चित्र बराबर हाय बाई," तो म्हणाला. "बायका त्येच्यावरनंच वळखत्यात. मागनं हितलं येक बी मेंढरू त्येनं गेलं न्हाई. आमच्या येळंला नव्हतं, येवडंच."

या अंकाच्या संपादकांनी लेखासोबत छापायला माझं एक चित्र आणि माझा एक फोटो मागितला. चित्र कळलावीच्या फुलाचं पाठवा, रंगीत छान उठेल, असं त्यांनी मुद्दाम लिहिलंय. मी कोंब पाठवलाय. जागा कमी पडली तर फोटो गाळा.